तापाचुलाची कुस्ती

किल्लीचा शेवटचा दात घासून होत आला होता, तेवढ्यात समोरच्या दुकानातला टीव्ही बोलला आणि इलारिओच्या हातातली कानस घसरली. दात साफ उडाला. गिऱ्हाईक समोरच उभं होतं, म्हणून त्याने किल्ली उजेडात धरून तपासल्यासारखं केलं आणि दुसरी कोरी किल्ली काढली.

"गुरुवारी तापाचुलाच्या आखाड्यात," टीव्हीवरचा माणूस घसा फोडून सांगत होता, "मिनी मल्लांचा राष्ट्रीय पट्टा नव्या कमरेला गेला! तीन डावांची झुंज, आणि चिस्पीताने ग्रानिसीतोला..."

"अरे देवा!" दोन्या चोले ओरडली. तिचं तोर्तियांचं, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचं, दुकान चाळीच्या दाराच्या एका बाजूला, इलारिओचा किल्ल्यांचा ठेला दुसऱ्या बाजूला. "हरला! माझा ग्रानिसीतो हरला!"

इलारिओने मान वर केली नाही. लाकडी खोक्यावर उभा राहून तो काम करायचा. त्या खोक्यावर त्याने पाय नीट रोवले आणि कानस पुन्हा चालवायला घेतली.

आता यात गंमत अशी, की ग्रानिसीतो म्हणजे खुद्द इलारिओच. सहा वर्षं तो पट्टा त्याच्याकडे होता. थोरल्या ग्रानीसोची ही धाकटी आवृत्ती, तोच पांढरा मुखवटा, कपाळावर तेच चंदेरी गारांचे ठिपके, फक्त उंची त्याच्या कमरेएवढी. मुखवट्याखाली कोण आहे हे इथे कोणी विचारत नाही, आणि मल्ल मरेपर्यंत सांगत नाही. त्यामुळे चाळीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी पिशवी घेऊन जाणारा आणि सोमवारी लंगडत ठेला उघडणारा चार फुटांचा माणूस त्या गल्लीत दुसरा होता कुठे? पण इतक्या वर्षांत एकानेही ते तोंडावर म्हटलं नव्हतं. त्याच्यासमोर सगळे ग्रानिसीतोबद्दल असं बोलायचे, की जणू तो कुठे तरी लांब मोंतेर्रेला राहतो.

"डॉन इलारिओ, ऐकलंत ना?" दोन्या चोलेने पीठ थापता थापता विचारलं.

"ऐकलं."

"तुम्हाला काय वाटतं? एवढा तगडा गडी आणि त्या कालच्या पोराकडून हरतो?"

"तब्येत बरी नसेल."

"तब्येतीला काय धाड भरलीय? गुरुवारी तर चांगला ठणठणीत..." दोन्या चोले एकदम थांबली. पिठाचा गोळा तिने दोनदा उलटा केला. "गुरुवारी तर चांगलं ठणठणीत ऊन होतं, म्हणते मी."

ऊन होतंच. गुरुवारी दुपारी तिच्या दुकानाच्या शटरचं कुलूप अडकलं होतं आणि इलारिओ जमिनीवर आडवा पडून ते खोलत होता. ती वर उभी राहून छत्री धरत होती. तापाचुला तिथून एका दिवसाच्या बसवर. आता तीच बाई त्याच्याकडे न पाहता गिऱ्हाइकाला पट्ट्याचा इतिहास ऐकवू लागली. तो तिला तोंडपाठ होता.

"पहिला पट्टा कानिकीताचा. त्याच्याकडून मेरिदाला तोपीतोने घेतला. तोपीतोकडून तोर्रेओनला ग्रीयोने. आणि ग्रीयोकडून ह्वारेसला आपल्या ग्रानिसीतोने. काय कुस्ती होती ती! डॉन इलारिओंच्या ओळखीच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेली. हो ना हो?"

"हो," इलारिओ म्हणाला. "ओळखीचा होता एक तिथे."

एरवी त्याने कानस खाली ठेवून ती कुस्ती पुन्हा सांगितली असती. पहिला डाव ग्रीयोचा, दुसऱ्यात ग्रानिसीतोने वरच्या दोरावरून मारलेली झेप, तिसऱ्यात ग्रीयोचे खांदे टेकले तेव्हा बायकाही खुर्च्यांवर चढल्या होत्या, हे सगळं. किल्ली करायला आलेली माणसं किल्ली झाल्यावरही थांबायची. आज त्याने ठेल्यावर फडकं टाकलं आणि तो आत गेला.

मनात एक विचार पहिल्याच क्षणी येऊन गेला होता. तो त्याने उंबऱ्यावरूनच परत धाडला. त्यापेक्षा हे बरं होतं, की कोणीतरी चोर त्याचा मुखवटा घालून तापाचुलाला गेला आणि हरून आला. चोर पकडता येतो.

कपाटात पट्टा होता. थंडीच्या ब्लँकेटांखाली, टॉवेलात गुंडाळलेला, आहे तसा. पट्टा इथे आणि चॅम्पियन तिकडे! त्याने मुखवटे काढून पलंगावर मांडले. एक कमी होता.

"औरेलिया!"

"काय झालं ओरडायला?" त्याची बायको दारात आली. हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले.

"माझा तिसरा मुखवटा कुणाला दिलास?"

"दिला? कुणाला देणार? नवरदेवाला?"

"थट्टा नकोय मला. कोण आलं होतं घरी? तुझा भाऊ आला होता ना मागच्या आठवड्यात? त्याचं आणि आमच्या कुस्तीच्या कंपनीतल्या ड्रायव्हरचं फार गूळपीठ आहे."

औरेलियाने हात पुसले, बाहेरच्या हौदाकडे गेली, बादलीत हात घातला आणि निथळता मुखवटा आणून त्याच्या पुढ्यात धरला. पांढऱ्या कापडातून पाणी फरशीवर गळत राहिलं.

"रक्ताचा डाग होता. भिजत टाकलाय. माझ्या भावाला सांगू का, तू त्याला चोर म्हणालास म्हणून?"

इलारिओ मुखवट्याकडे बघत राहिला. मग तो उलटा करून त्याने आतली शिवण तपासली. बायको खरं बोलत होती हे कळूनही तपासली. औरेलियाला त्याचाच राग जास्त आला.

सोमवारी तो कंपनीच्या कचेरीत गेला. कंपनीचा व्यवस्थापक बार्रोन, ज्याला सगळे लिसेन्सियादो म्हणजे वकीलसाहेब म्हणायचे, संत्र्याच्या फोडींना तिखट लावून खात बसला होता. कोणाची कुस्ती कोणाशी, कोण कुठे जाणार, कोण घरी बसणार, हे सगळं या माणसाच्या हातात.

"बस ना, इलारिओ."

"उभाच बरा आहे."

खुर्ची उंच होती. तिच्यावर बसलं की पाय लोंबायचे, आणि बार्रोनला ते माहीत होतं. म्हणूनच तो दर वेळी बस म्हणायचा.

"तापाचुलाला माझ्या मुखवट्यात कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"मग हरलं कोण?"

"तू." बार्रोनने फोड तोंडात टाकली. "अरे, तापाचुलाला नाताळापासून आपला कार्यक्रमच नाही. तिथला ठेकेदार पळून गेलाय."

असं कसं होऊ शकतं, हे इलारिओने विचारलं नाही. त्याने फक्त टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पट्टा काढायचा होता तर इथे काढायचा. लोकांसमोर. मी हरायला तयार होतो, लिसेन्सियादो. रविवारी त्या पोराला उतरवा माझ्यासमोर, मी त्याला खांद्यावर घेऊन नाचवीन."

"वेळ कुठे होता? उत्तरेच्या दौऱ्याची पोस्टरं छापून आली. छापणाऱ्याने पट्टा चिस्पीताच्या कमरेला काढला. कुणी सांगितलं त्याला, देव जाणे. पाच गावांत भिंतींवर लागलीसुद्धा. आता पोस्टर बदलू, की चॅम्पियन बदलू?"

"आणि मी नाही म्हटलं तर? रेडिओवर जाऊन सांगितलं, की गुरुवारी मी माझ्या गल्लीत कुलूप खोलत होतो?"

"सांग की. आधी त्यांना हेही सांगावं लागेल, की तू कोण." बार्रोन हसला नाही, उलट आवाज त्याने मऊ केला. "नाव कंपनीचं आहे, मुखवटा कंपनीचा आहे. चेहरा तेवढा तुझा. तो घेऊन कुठे जाशील? पुन्हा बैलांसमोर?"

इलारिओचे कान तापले. मुखवटा मिळण्याआधी तो बैलांच्या तमाशात होता. विदूषकाची विजार, मागे बांधलेले फटाके, समोर वासरू, आणि 'ठेंगू पळाला, ठेंगू पळाला' म्हणून खिदळणारी पोरंबाळं. तिथून इथवर यायला त्याने हाडं मोडून घेतली होती. पट्टा आल्यापासून पोस्टरवर त्याचं नाव थोरल्या मल्लांइतक्या मोठ्या अक्षरात यायचं आणि माणसं हसायला नाही, कुस्ती बघायला यायची.

"रविवारी पट्टा घेऊन ये," बार्रोन म्हणाला. "रिंगणात, माइकवरून त्याच्या हातात दे. एक चांगलं वाक्य बोल. शिवाय आम्ही चौकशी केलीय हं. जाणत्या माणसाला विचारलं, इलारिओ आरडाओरडा करेल का? तो म्हणाला, नाही करणार."

"कोण जाणता माणूस?"

"ग्रीयो."

घरी येऊन इलारिओने कोट न काढताच सांगून टाकलं. रविवारी माइक हातात आला, की तो सगळं सांगणार. मुखवटा काढून, चेहरा दाखवून सांगणार. मग होऊ दे काय व्हायचं ते.

"आणि सोमवारी?" औरेलियाने विचारलं.

"सोमवारचं सोमवारी."

"कोणी विकलं तुला?"

"ग्रीयो. त्या म्हाताऱ्याने सहा वर्षं डूख धरला. वाटच बघत होता तो!"

औरेलिया काही तरी म्हणणार होती. नवऱ्याचं तोंड पाहून ती कालवणाकडे वळली.

ग्रीयो नेसा नावाच्या वस्तीतल्या मंडईत भाजीसाठी निवडुंगाची पानं विकायचा. खरं नाव एउसेबिओ तोवार. तोही पैजेच्या कुस्तीत मुखवटा कधी हरला नव्हता, कुस्ती सोडताना तो तसाच पेटीत ठेवला होता, त्यामुळे मंडईत तोही कोणी नव्हता. पालथ्या बादलीवर बसून, पान मांडीवरच्या फळीवर धरून, सुरीने काटे काढणारा एक छोटा म्हातारा. इलारिओ समोर येऊन उभा राहिला तेव्हा दोघांची नजर भिडली. म्हाताऱ्याने ओळखलं आणि ओळख दाखवली नाही. बाजूला दोन बायका भाव करत होत्या.

"कोवळी आहेत," म्हातारा म्हणाला. "देऊ का?"

"द्या." इलारिओ थोडा पुढे सरकला. "काय हो, तुम्ही कुस्त्या बघता का?"

"पूर्वी बघायचो."

"लोक म्हणतात, ग्रीयोने ग्रानिसीतोला विकलं."

सुरी थांबली नाही. काटे टपटप कागदावर पडत होते.

"लोकांना कामधंदा नसतो."

"टाय लावलेला एक माणूस ग्रीयोकडे गेला होता की नाही?"

"गेला असेल. त्याने एकच विचारलं असेल. तो ओरडेल का? ग्रीयो म्हणाला असेल, नाही ओरडणार."

"ग्रीयोला हे बोलायचा अधिकार कुणी दिला? सहा वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि आता माझ्या..." इलारिओने जीभ चावली. "आता ग्रानिसीतोच्या वतीने हा बोलणार? ह्वारेसचा सूड असा काढायचा?"

बायकांपैकी एकीने वळून पाहिलं. म्हाताऱ्याने तिची पानं बांधून दिली, "देवाच्या हवाली, पोरी," म्हणून तिला वाटेला लावलं, दुसरीलाही लावलं. मग सुरी फळीवर आडवी ठेवली.

"ह्वारेस म्हणतोस? त्या दिवशी मी कुठे होतो, ठाऊक आहे?"

तो 'मी' म्हणाला तसं इलारिओने मागे वळून पाहिलं. जवळ कोणी नव्हतं.

"भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. माझ्या ताटात कोंबडी होती. कोणीतरी रेडिओ लावला, आणि मला कळलं की मी ह्वारेसला हरलो. तू कुठे होतास?"

इलारिओ पानांकडे बघत राहिला. एका पानाच्या कडेला काटा राहिला होता. तो त्याने नखाने काढला.

"तुला विचारतोय मी, पोरा."

"घरी," इलारिओ म्हणाला.

"घरी. मी भाचीकडे, तू घरी, आणि कुस्ती ह्वारेसला." म्हाताऱ्याने नाक पुसलं. "मग पट्टा द्यायला-घ्यायला आपण दोघं बार्रोनच्या कचेरीत भेटलो. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

"लाज वाटत होती मला."

"लाज कसली? दिला, तू घेतलास. मीही घेतलाच होता. तोर्रेओन गाव मी अजून बघितलेलं नाही."

मेरिदा, तोर्रेओन, ह्वारेस. दोन्या चोलेच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेली गावं इलारिओने मनात एकामागोमाग एक पुन्हा म्हटली. सगळी लांबची होती.

"मग तुमचा राग कशाचा?" शेवटी त्याने विचारलं.

"अरे, मी हरलो कसा ते मला कोणी सांगितलंच नाही!" म्हातारा एवढ्या जोरात बोलला, की पलीकडचा मिरच्यावाला बघू लागला. त्याने आवाज खाली आणला. "घरची माणसं विचारायची. आखाड्यातले जुने लोक विचारायचे. ग्रीयो, तुला त्याने कसं पाडलं? काय सांगणार मी? पाय घसरला म्हणू? पोट दुखत होतं म्हणू? वाट बघितली तुझी. म्हटलं, आज येईल, उद्या येईल, बसेल इथे आणि सांगेल. तू आला नाहीस. मग भाचीच्या नवऱ्याला धाडलं तुझ्या ठेल्यावर."

"कोण? तो जाडा? मिशीवाला?"

"तोच."

इलारिओला तो माणूस लख्ख आठवला. एकाच किल्लीच्या नकला करून घ्यायला पुन्हा पुन्हा आला होता. इलारिओने त्याच्यावर नजर ठेवली होती, औरेलियाला सांगितलं होतं, की हा कुणाच्या तरी घराची चोरी करायच्या बेतात आहे.

"पहिल्यांदा त्याला दुसरा डाव नीट समजला नाही," म्हातारा म्हणाला. "पुन्हा धाडलं. तिसऱ्यांदा तो सगळं घेऊन आला. तेव्हापासून मी तीच कुस्ती सांगतो. तू सांगतोस तशी. एक शब्द इकडचा तिकडे करत नाही, म्हणजे आपल्या दोघांचं जुळेल. वरच्या दोरावरून झेप मारलीस म्हणे. छान मारलीस. मला आवडली ती."

इलारिओने पानांचे पैसे काढून फळीवर ठेवले.

"आणि एक," म्हातारा सुरी उचलत म्हणाला. "पहिला डाव तू मला दिलास. तुला कोणी सांगितलं नव्हतं. बघायला कोण होतं तिथे? तिन्ही डाव स्वतःचे म्हणाला असतास तर कोण तुझा हात धरणार होतं? नातवंडांना मी तोच पहिला डाव सांगतो. म्हणून बार्रोनला म्हटलं, ओरडणारा माणूस नाही तो. आता तुला ओरडायचं असेल तर ओरड. तो तुझा प्रश्न."

पानांची जुडी घेऊन इलारिओ बसमध्ये चढला. कोणीतरी त्याला बसायला जागा दिली आणि लहान मुलाला देतात तसा हात धरला. एरवी त्याने तो झटकला असता. घरी येईपर्यंत तो स्वतःशी भांडत होता. म्हातारा गोड बोलला खरा, पण गोड बोलणं हीसुद्धा बार्रोनचीच शिकवण नसेल कशावरून? आणि खरं असलं तरी काय? तेव्हाचा इलारिओ नवा होता, त्याला काही कळत नव्हतं. आताचं हे पोरगं चांगलं चालू आहे. पोस्टरवर पट्टा काढायला छापणाऱ्याला दुसरं कोण सांगणार?

रविवारी दुपारी औरेलियाने पट्ट्याचं पितळ चिंचेच्या पाण्याने घासून लखलखीत केलं. मुखवटा इस्त्री करून दिला.

"काढणार आहेस तो?" तिने विचारलं.

"बघू."

"काढलास तर आधी केस विंचरून जा," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून पिशवीची चेन लावू लागली.

दारात दोन्या चोले उभी होती. तिने कागदात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया त्याच्या हातात कोंबल्या. "डॉन इलारिओ, तुमचा तो ओळखीचा माणूस भेटला आखाड्यात, तर ग्रानिसीतोला म्हणावं, चाळीतली माणसं तुझीच आहेत. पट्टा गेला तर गेला."

"सांगतो," इलारिओ म्हणाला.

मिनी मल्लांची खोली जिन्याखाली होती. थोरल्यांना खिडकीची खोली, यांना जिन्याखालची. छत तिरकं होतं, पण त्याची कोणाला अडचण नव्हती. इलारिओ मुखवटा चढवून बाकावर बसला होता. वर गर्दी पाय आपटत होती, चुन्याचे कण पडत होते. बार्रोन डोकावून गेला. "आधी तो बाहेर पत्रकारांशी बोलेल, मग रिंगणात तू पट्टा देशील. माइक मी स्वतः तुझ्या हातात आणून देतो. छोटंसं बोल, काय?" तो गेला. इलारिओने मुठी उघडल्या, मिटल्या. दोन वाक्यं त्याने पाठ केली होती. माझं नाव इलारिओ कान्सेको. गुरुवारी मी घरी होतो.

दार पुन्हा वाजलं. चिस्पीता आत आला. लाल मुखवटा, कपाळावर सोनेरी ठिणगी, नवा अंगरखा, कमरेला जागा सोडलेली. त्याने दार लावलं आणि तिथेच उभा राहिला.

"काय हवंय?" इलारिओने विचारलं.

"माएस्त्रो," वस्तादाला हाक मारावी तसं तो म्हणाला, "बाहेर पत्रकार आहेत."

"मग जा. तुझ्यासाठीच आलेत."

"ते विचारतील."

"विचारू देत. ज्याने पोस्टरवर पट्टा काढायला लावला, त्याला उत्तरंही येत असतील."

"मला पोस्टरचं काही माहीत नव्हतं." पोराचा आवाज मुखवट्यात अडकत होता. "मी खानावळीत जेवत होतो. तिथल्या मालकाने येऊन मिठी मारली, म्हणाला, चॅम्पियन! मला वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणतोय."

इलारिओने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मुखवट्यात फक्त डोळे दिसतात, आणि मल्लाचे डोळे खोटं बोलायला शिकलेले असतात.

"बार्रोनने धाडलं तुला माझ्याकडे?"

"नाही हो. त्यांना विचारलं होतं मी. म्हणाले, काहीही सांग, कोण बघायला गेलंय." पोरगं बोटं मोडत होतं. "आईचा फोन आला होता गावाहून. रडत होती आनंदाने. म्हणाली, सांग ना, कसा जिंकलास? मी म्हटलं, नंतर सांगतो. पुन्हा फोन केला तिने, पुन्हा तेच म्हटलं. आता तिला वाटतंय, मी काहीतरी वाईट केलं. माएस्त्रो, मी तापाचुला कधी बघितलेलं नाही."

वर गर्दीने ठेका धरला. इलारिओने पट्ट्यावरचा टॉवेल सरळ केला, पुन्हा वाकडा केला, पुन्हा सरळ केला.

"दार लावलंयस ना नीट?"

"लावलंय."

"बस इथे." तो बाकावर सरकला. "उकाडा होता. तापाचुलाला नेहमीच असतो. घामाने पकड सुटत होती, हे आधी सांगायचं. दोर सैल होते. गर्दी तुझ्या विरुद्ध होती."

"माझ्या विरुद्ध?"

"मग काय! मी सहा वर्षांचा चॅम्पियन आहे, तुला कोण ओळखतं? पहिला डाव माझा. त्यात काही बदल करायचा नाही, समजलं? लवकर घेतला मी. तू घाबरला होतास."

"होतो," पोरगं पुटपुटलं.

"दुसरा डाव तुझा. मी तुला दोरावर फेकलं, तू परत येताना खाली वाकलास आणि माझे दोन्ही पाय धरून मला उताणा पाडलंस. माझंच वजन माझ्या अंगाशी आलं. हे पत्रकारांना आवडेल. आता तिसरा." तो उठला. "तिसरा लांबला. दोघंही दमलो होतो. तू माझा हा हात धरलास. धर."

चिस्पीताने हात धरला.

"असा नाही. देवा, कोणी शिकवलं तुला? कोपर वर घे. गुडघा माझ्या पाठीत. हां. आता ओढ."

पोराने जरासं ओढलं.

"आईला असं सांगणार आहेस? ओढ नीट!"

चिस्पीताने ओढलं. इलारिओ फरशीवर पालथा झाला, गाल थंड सिमेंटला लागला, खांद्यात जुनी कळ उठली. तो लगेच सुटला नाही. वरचा ठेका ऐकत तो तसाच पडून राहिला, आणि मग मोकळ्या हाताने त्याने जमिनीवर तीनदा थाप मारली. पोराने झटकन हात सोडला.

"असा," इलारिओ धापा टाकत म्हणाला. "बराच वेळ मी सोसलं, असं सांग. लोक मला ओरडत होते, हार मानू नकोस, हार मानू नकोस. मग मी हार मानली. स्वतःहून. पंचाने सोडवलं नाही."

"स्वतःहून," चिस्पीताने पाठ केल्यासारखं म्हटलं. त्याने इलारिओला हात देऊन उठवलं. बाहेरून कोणीतरी दार ठोठावलं, चॅम्पियन, चॅम्पियन, म्हणून हाका आल्या. तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"माएस्त्रो, कोणी विचारलं तर... तुम्हाला दुखलं का?"

इलारिओ मुखवट्याची नाडी बांधत होता.

"दुखलं," तो म्हणाला. "पण तेवढं सांगू नकोस."